ऐकण्याची शाळा : थाई गायिका फुम्फुआंग दुआंगचन हिची सांगीतिक जडणघडण आणि प्रारंभीची कारकीर्द (१९६१ ते १९८६)

प्रास्ताविक

थायलंडच्या लोकप्रिय संगीताच्या इतिहासात फुम्फुआंग दुआंगचन या गायिकेचे स्थान अनन्यसाधारण आहे. १९६१ मध्ये शेतमजुराच्या कुटुंबात जन्मलेली, शाळेत जेमतेम दोन वर्षे काढलेली आणि आयुष्यभर जवळजवळ निरक्षर राहिलेली ही मुलगी विशीच्या आतच नावारूपाला आली आणि पंचविशीपर्यंत 'लूक थुंग' या ग्रामीण गीतप्रकाराची सम्राज्ञी म्हणून ओळखली जाऊ लागली. वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, १३ जून १९९२ रोजी, तिचे निधन झाले. तिची जीवनकथा थायलंडमध्ये बहुधा चमत्कारकथेच्या वळणाने सांगितली जाते. उसाच्या मळ्यातली गरीब पोर, दैवी गळा, एका गुरूची नजर आणि मग अफाट कीर्ती, असा त्या कथेचा क्रम ठरून गेला आहे.

ही कथा खोटी नाही. मात्र ती अपुरी आहे. प्रतिभेचे श्रेय केवळ दैवाला दिले, की ती प्रतिभा ज्या सामाजिक व सांस्कृतिक व्यवस्थेत घडली ती व्यवस्था नजरेआड होते. फुम्फुआंग शाळेत शिकली नाही हे खरे. परंतु ती अशिक्षित होती असे म्हणता येईल काय? प्रस्तुत लेखात तिच्या बालपणाचा आणि प्रारंभीच्या कारकिर्दीचा मागोवा घेऊन या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला आहे. त्याचबरोबर मौखिक शिक्षणाने तिला काय दिले आणि अक्षरज्ञानाच्या अभावाने तिच्यापासून काय हिरावले, या दोन्ही बाजू मांडण्याचा हेतू आहे.

जन्मकाळ आणि जन्मभूमी

फुम्फुआंगचे मूळ नाव राम्फुएंग चित्हान. तिचा जन्म ४ ऑगस्ट १९६१ रोजी चैनात प्रांतातील हानखा तालुक्यात झाला आणि ती वाढली शेजारच्या सुफानबुरी प्रांतातील सोंगफीनोंग तालुक्यात. घरात बारा भावंडे होती. आईवडील उसाच्या मळ्यात राबत. दुसरी इयत्ता संपते न संपते तोच तिची शाळा सुटली आणि तीही मळ्यातल्या कामाला जाऊ लागली.

'सुफानबुरी' हे नाव आपल्या कानाला परके वाटते. पण ते 'सुवर्णपुरी' या संस्कृत शब्दाचे थाई रूप आहे. मध्य थायलंडच्या सखल, सुपीक मैदानात वसलेला हा प्रांत भातशेतीसाठी आणि पुढे उसासाठी प्रसिद्ध झाला. फुम्फुआंगच्या जन्माचे वर्ष थायलंडच्या आर्थिक इतिहासातही महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी, सारित थानारात यांच्या लष्करी राजवटीत, देशाची पहिली राष्ट्रीय आर्थिक विकास योजना अमलात आली. रस्ते, धरणे, वीज आणि कारखाने यांवर भर देणाऱ्या या धोरणामुळे बँकॉक झपाट्याने वाढले आणि खेड्यांतील तरुण पिढी मजुरीसाठी राजधानीकडे वळू लागली. चैनातमध्ये चाओ फ्राया नदीवरील मोठा बंधारा १९५७ मध्येच पूर्ण झाला होता. बदलाचे वारे ज्या भागात लवकर पोहोचले त्याच भागात या गायिकेचे बालपण गेले.

प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारा कायदा थायलंडमध्ये १९२१ सालीच झाला होता. तरीही, चाळीस वर्षांनंतर जन्मलेल्या या मुलीची शाळा दुसऱ्या इयत्तेत थांबली. सक्ती कागदावर असते आणि मळ्यातली मजुरी दारात उभी असते. बारा भावंडांच्या घरात कमावते दोन हात वाढणे हे दोन इयत्ता वाढण्यापेक्षा निकडीचे ठरते. ही परिस्थिती समजून घेतल्याशिवाय तिच्या निरक्षरतेचा विचार करणे योग्य होणार नाही.

सुफानबुरीची गायनपरंपरा

शाळा सुटली, पण शिक्षण थांबले नाही. कारण सुफानबुरीत शिक्षणाची दुसरी एक व्यवस्था पूर्वापार नांदत होती. हा प्रांत थायलंडमध्ये गायकांची खाण मानला जातो. 'लूक थुंग'चे सम्राट समजले जाणारे सुरफोन सोमबातचारोएन (१९३० ते १९६८), लोकगीतगायक वैफोत फेतसुफान, लोकप्रिय गायक सायान सान्या आणि लोकगायिका ख्वानचित स्रीप्राचान ही सारी मंडळी याच मातीतली. एकाच प्रांतात इतके गायक निपजणे हा केवळ योगायोग नव्हे. त्यामागे तेथील लोकगीतांची जिवंत परंपरा आहे.

या परंपरेत 'ई-साएव' आणि 'छोय' हे दोन गीतप्रकार विशेष महत्त्वाचे होत. दोन्ही प्रकार सवालजवाबाच्या धाटणीचे आहेत. एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला स्त्रिया उभ्या राहतात. एका पक्षाने पद्यात टोमणा मारायचा आणि दुसऱ्याने त्याच यमकात, त्याच ठेक्यात, त्याला तत्काळ उत्तर द्यायचे. हाताच्या टाळ्या, लहान झांजा आणि ढोलकीसारखे तालवाद्य एवढीच साथ. येथे वही नसते. शीघ्र स्मरण, यमकांचा साठा, श्रोत्यांच्या मनाचा ठाव आणि धिटाई हेच येथील भांडवल. विशेष म्हणजे या खेळात स्त्रीला पुरुषाच्या बरोबरीने, किंबहुना वरचढ होऊन, बोलण्याची मुभा असते. पुढे फुम्फुआंगच्या गाण्यांत जो खट्याळ, थेट आणि निर्भय स्त्रीस्वर ऐकू येतो त्याचे मूळ या परंपरेत शोधावे लागते.

दुसरा प्रवाह धार्मिक विधींचा. 'लाए' नावाची एक गायनशैली बौद्ध प्रवचनांतून विकसित झाली. वेस्संतर जातकाचे, म्हणजे दानशूर राजपुत्राच्या कथेचे, पठण थायलंडमध्ये मोठ्या भक्तिभावाने होते. त्या पठणातील आलापयुक्त स्वरोच्चार लाए शैलीत उतरले. तरुण मुलगा भिक्षुदीक्षा घेण्यापूर्वी जो विधी होतो त्यातही आईच्या कष्टांचे वर्णन करणारी अशी गाणी म्हटली जातात. भारतीय उपखंडात जन्मलेली जातककथा थाई खेड्यातील गळ्यांना स्वर लावण्याचे वळण देते, हा सांस्कृतिक देवघेवीचा एक लक्षणीय दाखला होय.

येथे थाई भाषेचे एक वैशिष्ट्यही लक्षात घेतले पाहिजे. थाई ही स्वराघातप्रधान भाषा आहे. तिच्यात पाच आघात असून आघात बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. त्यामुळे गाताना चालीचा चढउतार आणि शब्दाचा मूळ आघात यांचा मेळ घालावा लागतो. त्यासाठी गायक स्वरांच्या मधल्या जागा, घसरण आणि कंप यांचा उपयोग करतो. 'लूक खो' म्हणून ओळखला जाणारा गळ्याचा कंप आणि 'उएन' नावाची आलापसदृश लांबण ही लूक थुंग गायकीची ओळखच आहे. ही सूक्ष्म कला लिपीत पकडता येत नाही. ती कानानेच घ्यावी लागते. अक्षरे न येणाऱ्या मुलीला या बाबतीत साक्षर मुलीपेक्षा काहीही उणे नव्हते.

लूक थुंग : नाव आणि आशय

'लूक थुंग' या शब्दाचा अर्थ 'शेताची लेकरे' असा करता येईल. हा गीतप्रकार दुसऱ्या महायुद्धानंतर आकाराला आला. मात्र त्याला हे नाव १९६४ मध्ये मिळाले. दूरचित्रवाणीवरील चामनोंग रांगसिकुन यांनी अशा गीतांच्या कार्यक्रमासाठी ते वापरले आणि ते रूढ झाले. त्यापूर्वी सुशिक्षित वर्ग या गीतांना 'बाजारगीते' म्हणत असे. नागर, संयत, पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या वळणाच्या गीतांना 'लूक क्रुंग', म्हणजे 'राजधानीची लेकरे', असे नाव पडले. या दोन नावांमधूनच थाई समाजातील दरी स्पष्ट होते.

लूक थुंगचा स्वीकार सर्वसमावेशक होता. लोकगीतांचे सूर, पाश्चात्त्य नृत्यांचे ठेके आणि हिंदी चित्रपटगीतांच्या चाली या साऱ्यांना त्यात जागा मिळाली. १९७० मध्ये प्रदर्शित झालेला 'मोन राक लूक थुंग' हा चित्रपट बँकॉकमध्ये सहा महिने चालला आणि ग्रामीण गीतांना राजधानीत केवढा श्रोतृवर्ग आहे हे त्यातून सिद्ध झाले. तो श्रोतृवर्ग म्हणजे खेड्यांतून आलेले मजूर, घरकामगार स्त्रिया, वाहनचालक आणि फेरीवाले. त्या वेळी राम्फुएंग नऊ वर्षांची होती.

ट्रान्झिस्टरमुळे ही गाणी मळ्यापर्यंत पोहोचली होती. तेथे ती ऐकायची, एकदोनदा ऐकून पाठ करायची आणि गावच्या जत्रेत म्हणायची, हा राम्फुएंगचा अभ्यासक्रम होता. बौद्ध विहारांच्या वार्षिक जत्रांत गाण्याच्या स्पर्धा होत. त्यांतून ती लहानपणीच भाग घेऊ लागली. त्या काळात तिने 'नामफुएंग ना राय ओय' हे नाव घेतले होते. त्याचा अर्थ 'ऊसमळ्यातील मध'. घरातले तिचे लाडाचे नाव 'फुएंग', म्हणजे मधमाशी; त्यावरूनच हे नाव सुचलेले दिसते. स्पर्धेतले बक्षीस हा या कुटुंबाच्या दृष्टीने मानापेक्षा मिळकतीचा विषय होता, हेही विसरता येत नाही.

पथकातील उमेदवारी

वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे १९७५-७६ च्या आसपास, राम्फुएंगच्या आयुष्याला निर्णायक वळण मिळाले. वैफोत फेतसुफान यांनी तिचे गाणे ऐकले आणि तिला आपल्या पथकात घेतले. त्यांनी तिला मानसकन्या मानले. वैफोत हे लाए आणि ई-साएव या दोन्ही शैलींतले अधिकारी गायक. पुढे १९९७ मध्ये त्यांना 'राष्ट्रीय कलावंत' हा सन्मान मिळाला. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. म्हणजे राम्फुएंगला लाभलेले गुरू तिच्याच प्रांतातले आणि तिच्याच परंपरेतले होते. जत्रेत जे सुटे सुटे कानावर पडले होते त्याला आता शिस्त आली.

लूक थुंगचे पथक ही एक फिरती वसाहतच असे. गायक, वादक, नर्तिका, विनोदी नट, रंगमंच उभारणारे कामगार अशी मोठी मंडळी ट्रक आणि बसमधून गावोगाव फिरत. शेत कापून मोकळे झाले, की विहाराच्या आवारात कनाती लावून तिकिटाचे खेळ होत. नवख्या मुलीला तेथे लगेच गायला मिळत नसे. मुख्य गायकामागे नाचणे, कपडे सांभाळणे, पडेल ते काम करणे ही उमेदवारी होती आणि ती राम्फुएंगनेही केली. रोज रात्री तीच गाणी वेगवेगळ्या गावांपुढे ऐकताना कोणत्या ओळीला टाळी येते, कोणत्या जागी गर्दी शांत होते, हे तिला कळत गेले. असे शिक्षण कोणत्याही संगीतविद्यालयाला देता येणार नाही.

तिचे पहिले ध्वनिमुद्रण वैफोत यांच्याच पुढाकाराने झाले. 'काएव रो फी' हे ते गीत. वैफोत यांच्या 'काएव चा' या गाण्याला दिलेले ते उत्तर होते. गाण्याला गाण्याने उत्तर देण्याची ही पद्धत लूक थुंगमध्ये नवी नव्हती. सुरफोन यांच्या 'लूएम माय लोंग' या गीताला गायिका फोंगसी वोरानुत यांनी 'नाय वा माय लूएम' या गीताने उत्तर दिले होते. परंतु सुफानबुरीच्या सवालजवाबाच्या परंपरेत वाढलेल्या मुलीचे पहिलेच ध्वनिमुद्रित गीत जबाबाचे असावे, यात औचित्य आहे. खळ्यावरचा लोकगीतांचा खेळ येथे तबकडीवर आला.

यानंतर ती मोन मुआंगनुआ यांच्या सहवासात आली आणि त्यांनी तिला 'फुम्फुआंग दुआंगचन' हे नाव दिले. 'फुम्फुआंग' म्हणजे फुलांचा गुच्छ आणि 'दुआंगचन' म्हणजे चंद्र. यातील 'चन' हा आपला 'चंद्र'च. मळ्यातल्या मधमाशीचा चंद्र झाला. नामांतराच्या या टप्प्यांतून एक सामाजिक प्रवासही दिसतो. पहिल्या नावात तिचे काम होते. अखेरच्या नावात ना गाव उरले ना मळा. बाजारपेठेला हवे असलेले नाव सर्वांचे असावे लागते.

कॅसेट, नवा ठेका आणि स्त्रीचा आवाज

१९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅसेटचा प्रसार झाला आणि संगीताच्या अर्थकारणात मोठे परिवर्तन घडले. कॅसेट स्वस्त होती. कारखान्यात काम करणारी मुलगीही ती विकत घेऊ शकत होती. गीतकार लोप बुरीरात यांच्याशी फुम्फुआंगची जोडी याच पार्श्वभूमीवर जमली. 'नात फोप ना आम्फो' (१९८३), 'साव ना सांग फाएन' (१९८४) आणि त्यानंतर 'क्रासाए खाव मा सी' या गीतांनी तिला देशभर पोहोचवले. जलद ठेका, विद्युत वाद्ये आणि नृत्यास अनुकूल मांडणी यांमुळे या शैलीला 'इलेक्ट्रॉनिक लूक थुंग' असे म्हटले जाऊ लागले.

या गीतांच्या शीर्षकांचा अर्थ पाहिला तरी त्यांचा सामाजिक आशय ध्यानात येतो. 'नात फोप ना आम्फो' म्हणजे तालुका कचेरीसमोर भेटायचे ठरवणे. थायलंडमध्ये विवाहाची नोंदणी याच कचेरीत होते. प्रेयसी येथे नुसते अश्रू ढाळत नाही; ती नोंदणीची जागा सांगते. 'साव ना सांग फाएन' म्हणजे शेतकरी तरुणीने प्रियकराला बजावून सांगणे. 'खोन दांग लूएम लांग ख्वाय' या गीताच्या नावाचा अर्थ 'मोठा झाला नि म्हशीची पाठ विसरला'. ज्या म्हशीच्या पाठीवर बसून बालपण गेले तिला विसरणाऱ्या माणसाविषयीची ही तक्रार स्थलांतराने मोडलेल्या नात्यांची तक्रार आहे. 'क्रासाए खाव मा सी' मध्ये तर स्त्रीच पुरुषाला जवळ सरकायला सांगते. विरहिणी आणि आर्जवी या ठरावीक भूमिकांपलीकडे जाऊन बोलणारी ही स्त्री शहरी रसिकाला नवी वाटली. ई-साएवचा खेळ पाहिलेल्या ग्रामीण श्रोत्याला मात्र ती ओळखीची होती.

म्हणूनच फुम्फुआंगने लूक थुंगला 'आधुनिक' केले, हे विधान अर्धेच खरे आहे. वाद्ये नवी होती, ठेका नवा होता, पोशाखही नवा होता. परंतु स्त्रीने पुरुषाला तोंडावर उत्तर देण्याची रीत जुनीच होती. जुन्या परंपरेतील धिटाई नव्या माध्यमात आणणे हे तिचे खरे कर्तृत्व होय. १९८९ मध्ये थाई लूक थुंगच्या अर्धशतकानिमित्त झालेल्या गौरवात 'साव ना सांग फाएन'ला सन्मान मिळाला, तर राजकन्या महाचक्री सिरिंधोर्न यांनी रचलेल्या 'सोम ताम' या गीताच्या गायनासाठी १९९१ मध्ये तिचा पुन्हा गौरव झाला. एकेकाळी ज्यांना 'बाजारगीते' म्हणून हिणवले त्यांना राजमान्यता मिळाली होती.

निरक्षरतेचे मोल

येथवरच्या विवेचनावरून मौखिक शिक्षणाचा गौरव करून थांबणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य ठरणार नाही. ध्वनिमुद्रणाच्या वेळी फुम्फुआंगला गाण्याचे शब्द कोणीतरी वाचून दाखवावे लागत आणि ती ते ऐकून पाठ करी. तिची स्मरणशक्ती तल्लख होती. मंचावर या पद्धतीने तिचे काहीच अडले नाही. अडचण होती ती मंचाखालच्या जगात. तेथे करार, हिशेब, पावत्या आणि हक्कपत्रे यांचे राज्य होते. जे विश्व कानाने जिंकता येत होते त्याची मिळकत मात्र कागदावर ठरत होती.

थायलंडचा स्वामित्वहक्काचा कायदा १९७८ मध्ये झाला आणि त्याची जागा घेणारा नवा कायदा १९९४ मध्ये आला. या मधल्या काळातच फुम्फुआंगची बहुतांश कारकीर्द सामावलेली आहे. नकली कॅसेटचा तो सुकाळ होता. एकरकमी मोबदला घेऊन गायचे आणि पुढच्या विक्रीशी संबंध उरायचा नाही, ही त्या व्यवसायातील सर्वसाधारण पद्धत होती. साक्षर गायकही या व्यवस्थेत नाडले जात. ज्याला आपल्याच कराराची ओळ वाचता येत नाही, त्याला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबण्याखेरीज मार्ग नव्हता. लाखो श्रोत्यांची ही गायिका अखेरच्या काळात आजारपण आणि आर्थिक विवंचना यांनी ग्रासलेली होती. ल्युपस या विकाराने फित्सानुलोक येथे तिचा अंत झाला.

तिचा अंत्यविधी सुफानबुरीतील वात थाप क्रादान या विहारात राजकन्येच्या उपस्थितीत झाला. पुढे तेथे तिचे पुतळे उभे राहिले आणि लोक सोडतीत नशीब फळफळावे म्हणून तिला नवस बोलू लागले. २०११ मध्ये तिच्या जीवनावर चित्रपट निघाला. त्यात तिची भूमिका पावली फोर्नफिमोन या लूक थुंग गायिकेनेच केली. दैवाने गरिबीतून वर काढलेली स्त्री इतरांनाही वर काढील, ही श्रद्धा नवसामागे आहे. चमत्कारकथेचा हाच शेवट असू शकतो.

समारोप

फुम्फुआंगच्या जडणघडणीचा विचार करताना तीन गोष्टी प्रकर्षाने जाणवतात. पहिली, तिची प्रतिभा एकाकी नव्हती. सुफानबुरीची सवालजवाबाची गाणी, विहारातील पठण, जत्रेतील स्पर्धा, ट्रान्झिस्टर आणि फिरते पथक अशा पाच पाठशाळांत ती शिकली होती. दुसरी, तिच्या गायनातील नावीन्य परंपरा नाकारून आलेले नव्हते. ते परंपरेतील स्त्रीस्वराला कॅसेटच्या युगात आणून मिळाले होते. तिसरी गोष्ट अधिक कटू आहे. समाज मौखिक ज्ञानावर मनसोक्त पोसतो, पण त्याचा मोबदला लेखी ज्ञानाच्या नियमांनी देतो.

शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्यांनी या तिसऱ्या मुद्द्याचा गांभीर्याने विचार करावयास हवा. निरक्षर म्हणजे अज्ञानी नव्हे, हे आपण व्याख्यानांतून नेहमी सांगतो. फुम्फुआंगचे जीवन त्याचा भक्कम पुरावा आहे. परंतु त्याच जीवनातून दुसरी गोष्टही सिद्ध होते. ज्ञान असूनही अक्षर नसेल, तर त्या ज्ञानाची मालकी दुसऱ्याकडे जाते. उसाच्या मळ्यातल्या त्या मुलीला गायला शिकवण्याची गरज शाळेला नव्हती. ते तिच्या गावाने केले होते. दोनऐवजी चार इयत्ता तिला मिळाल्या असत्या, तर ती अधिक चांगली गायली असती असे नाही. आपण कशावर अंगठा उमटवतो आहोत, एवढे मात्र तिला वाचता आले असते.